'फॉरेस्ट' : एका शब्दाची अर्थकुळे आणि सातपुड्यातील त्यांचा व्यवहार

इंग्रजीतील 'फॉरेस्ट' हा शब्द मराठी बोलीत इतका मुरला आहे की नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा, अक्राणी किंवा नवापूर तालुक्यात तो कोणालाच परका वाटत नाही. मात्र तेथे त्याचा अर्थ दर वेळी झाडी असाच असतो असे नाही. 'फॉरेस्टवाले आले' असे म्हणताना तो एका सरकारी खात्याचे नाव असतो, 'जमीन फॉरेस्टची आहे' असे म्हणताना मालकी सांगतो, आणि 'तो डोंगर फॉरेस्टमध्ये लागला' असे म्हणताना दप्तरातील एका नोंदीकडे बोट दाखवतो, मग त्या डोंगरावर एकही झाड उरलेले नसले तरी चालते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या आणि २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात जमिनीविषयीचे बहुतेक मोठे वाद याच शब्दाभोवती फिरत आले आहेत. या शब्दाच्या उगमाविषयीची मते, त्याला कायद्याने, मोजणीशास्त्राने आणि लोकव्यवहाराने दिलेले अर्थ आणि त्या अर्थांचा सातपुड्यात झालेला संघर्ष यांचा हा आढावा आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : 'फॉरेस्ट' हा शब्द जन्मापासून वनस्पतींपेक्षा अधिकाराचा शब्द होता, आणि झाडांचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

उगमाविषयीची मते

'फॉरेस्ट' इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचने तो मध्ययुगीन लॅटिनमधील 'फोरेस्टिस' किंवा 'फोरेस्टा' या रूपांवरून घेतला, येथवर अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. मेरोव्हिंजियन आणि त्यानंतरच्या कॅरोलिंजियन राजांच्या सनदांत हा शब्द राजाने शिकारीसाठी आणि मासेमारीसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशाला लावलेला आढळतो. मतभेद आहे तो त्यामागच्या मुळाविषयी. सर्वाधिक मान्यता असलेल्या मताप्रमाणे हा शब्द लॅटिन 'फोरिस', म्हणजे 'बाहेर', यापासून बनला. कुंपण घातलेल्या उपवनाच्या बाहेर पसरलेले राजाचे रान ते 'फोरेस्टिस सिल्व्हा'. दुसरे मत त्याचा संबंध 'फोरम'शी, म्हणजे न्यायसभेशी जोडते आणि राजाच्या मनाई-हुकमाखाली आलेली जमीन असा अर्थ काढते. तिसऱ्या मतानुसार त्याचे मूळ जर्मानिक भाषांतील सूचिपर्णी वृक्षाच्या नावात आहे. झाडाचा अर्थ मुळातच होता असे यांपैकी केवळ तिसरे मत मानते, आणि त्यालाच पाठिंबा सर्वांत कमी आहे.

पहिले मत स्वीकारले तर काही अनपेक्षित नाती उघड होतात. परदेशी या अर्थाचा 'फॉरेन' हा शब्द 'फोरिस'पासूनच आला. 'फोरिस'चा संबंध लॅटिनमधील दरवाजाच्या शब्दाशी आहे, आणि तो शब्द संस्कृत 'द्वार' व मराठी 'दार' यांच्याच इंडो-युरोपीय कुळातला आहे. दाराबाहेरचे, म्हणून आपल्या वस्तीत न मोडणारे, ही कल्पना अशा रीतीने शब्दाच्या मुळाशीच आहे.

हीच कल्पना संस्कृतातही स्वतंत्रपणे आढळते. 'अरण्य' या शब्दाचा संबंध 'अरण' म्हणजे दूरचे, परके या शब्दाशी लावला जातो. गावाच्या पलीकडचा अनोळखी प्रदेश ते अरण्य. 'अरण्य'चे प्राकृतात 'रण्ण' झाले आणि त्याचे मराठी रूप 'रान' बनले, परंतु येथे अर्थाने उलटी वाट धरली : खेड्यातील मराठीत 'माणसे रानात गेली' याचा अर्थ ती शेतावर कामाला गेली असा होतो. परक्या प्रदेशाचा शब्द कसत्या जमिनीला लागला, हा बदल लक्षणीय आहे, कारण रान आणि शेत यांच्यात पक्की रेघ न ओढणाऱ्या शेतीपद्धतीची खूण त्यात दिसते. 'जंगल' या शब्दाचा प्रवास त्याहून वेगळा आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'जांगल' देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळ्या हवेचा प्रदेश, आणि त्याच्या विरुद्ध पाणथळ, दाट झाडीचा तो 'आनूप'. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने या भेदावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला 'जंगल' मात्र हळूहळू दमट, घनदाट, वेलींनी गच्च भरलेल्या प्रदेशाचा वाचक झाला, म्हणजे मूळ अर्थाच्या अगदी विरुद्ध टोकाला पोहोचला.

राजाचे रान

१०६६च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' हा कायद्याचा पारिभाषिक शब्द बनला. ज्या प्रदेशाला राजाने 'फॉरेस्ट' म्हणून घोषित केले तेथे सर्वसाधारण कायद्याऐवजी वनकायदा चाले. हरीण मारणे, झाड तोडणे, नवी जमीन नांगराखाली आणणे हे तेथे गुन्हे ठरत. अशा प्रदेशात माळराने, कुरणे, शेते आणि गावेही येत. डार्टमूरसारखा बहुतांश उघडा डोंगराळ प्रदेशही 'फॉरेस्ट' म्हणवला जाई, आणि स्कॉटलंडमधील हरणांच्या 'फॉरेस्ट'मध्ये आजही मैलोगणती झाड दिसत नाही. 'अफॉरेस्ट' या क्रियापदाचा मूळ अर्थ झाडे लावणे असा नव्हता, तर जमीन वनकायद्याखाली आणणे असा होता, आणि ती त्यातून मुक्त करण्याला 'डिसअफॉरेस्ट' म्हणत. १५९८मध्ये जॉन मॅनवूड याने वनकायद्यांवर लिहिलेल्या ग्रंथातही 'फॉरेस्ट' म्हणजे राजाच्या संरक्षणाखाली वन्य पशूंसाठी राखलेला, सीमा आखलेला प्रदेश असेच विवेचन आहे.

या सत्तेला मर्यादा घालणारी वनसनद ६ नोव्हेंबर १२१७ रोजी निघाली. वाढवत नेलेल्या वनसीमा मागे घेणे, डुकरे चारण्याचे, सरपण घेण्याचे आणि जमीन कसण्याचे लोकांचे हक्क मान्य करणे ही तिची मुख्य कलमे होती. तिचे उरलेसुरले अंश १९७१मध्ये रद्द होईपर्यंत ती इंग्लंडच्या कायद्याचा भाग होती. मनाई आणि हक्क हे दोन्ही धागे या शब्दाला अशा प्रकारे चिकटलेले होते. हिंदुस्थानात येताना त्यांपैकी पहिला धागा पुरता आला, दुसरा जेमतेम.

खानदेशातील आगमन

१८१८मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला तेव्हा सातपुड्याचा पश्चिम भाग काठीसारख्या मेवासी संस्थानिकांच्या आणि भिल्ल नाईकांच्या प्रभावाखाली होता. जहाजांसाठी व पुढे रेल्वेच्या स्लीपरसाठी सागाची मागणी वाढली तशी रानाची सरकारी व्यवस्था आकाराला येत गेली : १८४७मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि १८६४मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानचे वनखाते उभे राहिले. त्या काळाची प्रशासकीय खूण तळोद्याच्या 'मेवासी वनविभाग' या नावात आजही टिकून आहे.

कायद्याच्या भाषेत झालेला बदल येथे बारकाईने पाहण्याजोगा आहे. १८६५च्या पहिल्या वनकायद्यात सरकारी वन म्हणजे झाडे, झुडपे वा जंगल यांनी आच्छादलेली आणि सरकारने तशी घोषित केलेली जमीन, अशी निदान झाडांचा उल्लेख करणारी व्याख्या होती. १८७८च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे तीन वर्ग केले, परंतु 'फॉरेस्ट'ची व्याख्या गाळली. १९२७च्या आजही लागू असलेल्या कायद्यातही ती नाही. सरकारच्या मालकीची कोणतीही वनजमीन किंवा पडीक जमीन राखीव वन म्हणून घोषित करता येईल, एवढेच त्यात म्हटले आहे. शब्दाला व्याख्या नसली की घोषणा हीच व्याख्या होते, आणि नॉर्मन राजांची पद्धत अशा रीतीने खानदेशात पुन्हा अवतरली. १८७८च्या कायद्यापूर्वी झालेल्या वादात मद्रास सरकारने गावांच्या वहिवाटीच्या हक्कांची बाजू घेतली होती, तर ब्रिटिश वनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी संपूर्ण सरकारी मालकीचा आग्रह धरला होता. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या वादाचे सविस्तर विवेचन केले असून ब्रँडिस यांची मधली भूमिका कशी मागे पडली हे त्यात दाखवले आहे.

कायद्याने 'फॉरेस्ट'ची व्याख्या टाळली, पण 'वनोपज' म्हणजे रानातून मिळणारा माल याची व्याख्या मात्र तपशिलाने केली, आणि तिच्यात एक चमत्कारिक तरतूद आहे. लाकूड, कोळसा, कात, डिंकासारखे पदार्थ, लाख, हिरडा आणि मोहाची फुले व बिया हे पदार्थ रानात सापडोत किंवा न सापडोत, ते वनोपजच मानले जातात. सातपुड्यात मोहाची झाडे शेताच्या बांधावर आणि घराच्या अंगणात असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे खाली पडलेली फुले बायका व मुले टोपल्यांत वेचतात, वाळवतात, घरात साठवतात आणि बाजारात विकतात. स्वतःच्या बांधावरचे हे फूल कायद्याच्या दृष्टीने 'फॉरेस्ट'चा माल ठरते. याच कायद्यात 'झाड' या शब्दात बांबूचाही समावेश होता आणि तो २०१७-१८च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणत असताना कायदा १४० वर्षे त्याला झाड म्हणत आला.

वनगाव, एकसाली आणि दंडाची पावती

राखीव वनाची सीमा आखली गेली तेव्हा तिच्या आत गावे होती. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ७०हून अधिक वस्त्या 'वनगावे' म्हणून नोंदल्या गेल्या. वनगाव म्हणजे महसुली दप्तराऐवजी वनखात्याच्या अखत्यारीत असलेले गाव. तेथील कसणाऱ्याच्या नावावर सात-बारा निघत नसे. काही जमिनी 'एकसाली' पट्ट्याने, म्हणजे दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या परवानगीवर, कसायला दिल्या जात. नर्मदाकाठच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांत रान साफ करून केलेल्या शेताला 'नेवाड' म्हणतात. तेच शेत वनखात्याच्या कागदावर 'अतिक्रमण' असते.

या दोन शब्दांच्या मधल्या जागेत एका कागदाचे भवितव्य पालटले. रानात नांगर घातल्याबद्दल झालेल्या दंडाची पावती हा गुन्ह्याचा पुरावा होता. महाराष्ट्र शासनाने २७ डिसेंबर १९७८च्या निर्णयाने ३१ मार्च १९७८ रोजी अस्तित्वात असलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले, तेव्हा त्या तारखेआधी जमीन आपण कसत होतो हे दाखवण्यासाठी तीच पावती कामी आली. ज्यांनी दंड रोख भरला पण पावती घेतली नाही, किंवा ज्यांची पावती पावसात भिजून गेली, त्यांच्यापाशी दाखवायला काहीच उरले नाही. १९७२पासून शहादा परिसरात काम करणारी श्रमिक संघटना आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कष्टकरी संघटना यांच्या लढ्यांतून हा प्रश्न पुढे आला. १९९५मध्ये कष्टकरी संघटनेच्या प्रदीप प्रभू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कागदाव्यतिरिक्त अन्य पुरावाही पाहून दावे तपासण्याची दिशा दिली.

शब्दकोशाचा अर्थ

२५ ऑक्टोबर १९८०पासून लागू झालेल्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली, पण 'फॉरेस्ट' म्हणजे काय हे याही कायद्याने सांगितले नाही. ती उणीव १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भरली : 'फॉरेस्ट'चा अर्थ शब्दकोशातील अर्थाप्रमाणे घ्यावा, आणि त्याखेरीज सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली कोणतीही जमीन, मालकी कोणाचीही असो, वनजमीन मानावी. या निर्णयाने झाडीचा अर्थ आणि नोंदीचा अर्थ दोन्ही एकाच वेळी लागू केले. वृक्षतोडीला त्यामुळे मोठा आळा बसला. मात्र शब्दकोश हा स्वतःच अनेक अर्थांची यादी असतो, आणि राजाने राखलेले शिकारीचे रान हाही इंग्रजी कोशांनी नोंदवलेला अर्थच आहे, ही अडचण तशीच राहिली.

२०२३च्या दुरुस्तीने घोषित किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी दप्तरात नोंदलेल्या जमिनींपुरताच कायदा मर्यादित केला. त्यावर १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६चाच अर्थ तूर्त पाळण्यास सांगितले. विदर्भातील 'झुडपी जंगल' हे याच गुंत्याचे दुसरे रूप आहे. खुरट्या झुडपांच्या, गुरचराईसाठी वापरल्या जाणाऱ्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनी या नावाने महसुली दप्तरात नोंदल्या होत्या. त्या वनजमीनच आहेत, असा निर्णय २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. नोंदीतील 'जंगल' हा शब्द वर्णनाचा होता की वर्गाचा, या प्रश्नावर अशा रीतीने हजारो हेक्टरांचे भवितव्य अवलंबून राहिले.

उपग्रहातून दिसणारे वन

नोंदीचा आणि वनोपजाचा अर्थ यांनंतर तिसरा अर्थ मोजणीचा आहे. १९८१मध्ये स्थापन झालेली भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७पासून देशाच्या वनस्थितीचे अहवाल काढते. तिच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरपेक्षा मोठ्या ज्या क्षेत्रावर वृक्षछत्र, म्हणजे वरून पाहताना झाडांच्या माथ्यांनी झाकलेला भाग, दहा टक्क्यांहून अधिक आहे ते 'वनाच्छादन', मग जमीन कोणाचीही असो, तिचा कायदेशीर दर्जा काहीही असो आणि झाडे आंब्याची असोत वा निलगिरीची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची व्याख्या अर्ध्या हेक्टरपासून सुरू होते आणि झाडांची उंची पाच मीटर मागते, पण शेतीखालील जमीन वगळते.

अक्राणी तालुक्यातील आमचुरासाठी ओळखल्या जाणाऱ्या आंब्याच्या झाडांना या व्याख्या लावून पाहिल्या की फरक लक्षात येतो. आंब्याची दाट राई भारतीय व्याख्येने वनाच्छादनात मोजली जाईल, अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत शेतीची लागवड म्हणून गळेल, आणि कायद्याच्या दृष्टीने तिचा दर्जा केवळ नोंदीवर ठरेल. उलट, राखीव वनातील उघडाबोडका उतार उपग्रहाला वन म्हणून दिसणार नाही, पण वनखात्याच्या नकाशावर तो वनच राहील. 'जिल्ह्यातील वन वाढले' किंवा 'घटले' हे विधान म्हणूनच व्याख्या सांगितल्याशिवाय अपुरे असते. संगणकशास्त्रानेही हा शब्द उचलला आहे : २००१मध्ये लिओ ब्रायमन यांनी मांडलेली 'रँडम फॉरेस्ट' ही अनेक निर्णयवृक्षांच्या मतदानाने वर्गीकरण करणारी पद्धत उपग्रहचित्रांतील जमिनीचे प्रकार ओळखण्यासाठी जगभर वापरली जाते.

वहिवाटीचा अर्थ

चौथा अर्थ कायद्यात सर्वांत उशिरा आला. २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५पूर्वी वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना जास्तीत जास्त चार हेक्टरांपर्यंत हक्क, आणि गावाला आपल्या परंपरागत सीमेतील सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा व वापरण्याचा हक्क मान्य केला. या कायद्याची 'वनजमीन'ची व्याख्या मुद्दाम रुंद आहे. अवर्गीकृत, सीमा न आखलेली, मानीव, संरक्षित, राखीव वने, अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने असे सर्व प्रकार तिच्यात येतात. पूर्वीच्या कायद्यांत रुंद अर्थ मनाई वाढवत असे, येथे तोच रुंद अर्थ हक्काची कक्षा वाढवतो.

पुराव्याचे नियमही तितकेच बोलके आहेत. दंडाच्या कागदांबरोबर बांध, विहीर, घर, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या जागेवरच्या खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही पुरावे मानले जातात. त्यामुळे वाघदेवाचे ठाणे किंवा आजोबांनी घातलेला दगडी बांध दप्तराच्या तोडीचा साक्षीदार होऊ शकतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर मिळालेला सामूहिक हक्क हा या अर्थाचा महाराष्ट्रातील पहिला ठळक विजय मानला जातो. नंदुरबारमध्ये वैयक्तिक दाव्यांची मोजणी, फेटाळलेल्या दाव्यांचे अपील आणि मिळालेल्या पट्ट्यावरील प्रत्यक्ष क्षेत्र या मुद्द्यांवर चळवळी चालू राहिल्या. मार्च २०१८मधील नाशिक ते मुंबई शेतकरी मोर्चातही वनहक्काची मागणी अग्रभागी होती.

वेगवेगळे अर्थ एकाच जमिनीवर

यांपैकी नोंद आणि वहिवाट या अर्थांची टक्कर पाहायची तर सरदार सरोवराचे प्रकरण पुरेसे आहे. या धरणामुळे महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली; मणिबेली हे त्यांतील सर्वपरिचित नाव. बुडणारे बहुतांश क्षेत्र कागदोपत्री वनजमीन होते, त्यामुळे तेथे पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यांना जमीनधारक म्हणायचे की अतिक्रमणधारक, यावर त्यांच्या पुनर्वसनाचा हक्क अवलंबून होता. पुनर्वसनासाठी १९९०पासून टप्प्याटप्प्याने तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन निर्वनीकृत करण्यात आली, म्हणजे मध्ययुगीन इंग्रजी भाषेत 'डिसअफॉरेस्ट' झाली. त्या जमिनीच्या काही भागावर आधीपासून आसपासच्या गावांतील आदिवासींची शेती होती, आणि ती दप्तरात दिसत नव्हती. एका ठिकाणच्या अतिक्रमणधारकांना जमीन देण्यासाठी दुसऱ्या ठिकाणच्या अतिक्रमणधारकांना हटवण्याची वेळ आली, आणि या दोन्ही ठिकाणी वादाचे कारण झाडे नव्हती, तर नोंद होती.

निष्कर्ष

अभ्यासकांनी या प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले आहे. कायद्याचा इतिहास लिहिणारे घोषणेच्या सत्तेवर भर देतात, परिसरशास्त्रज्ञ वृक्षछत्रावर आणि जैवविविधतेवर, तर नर्मदा खोऱ्यातील आदिवासींवर लिहिणाऱ्या अमिता बाविस्कर यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञ वहिवाटीवर. या भूमिका परस्परविरोधी वाटल्या तरी त्या बहुधा एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थांविषयी बोलत असतात, आणि हे न ओळखल्याने वाद चिघळतो. झाडे वाचवण्याचा आग्रह आणि कसणाऱ्याचा हक्क यांत खरा ताण आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उघड्या उतारावरील शेत काढून घेताना झाडांचे नाव पुढे करणे, किंवा दाट रान तोडताना केवळ नोंद नाही म्हणून रान मोकळे समजणे, हे दोन्ही त्या ताणाचा गैरफायदा घेणे आहे.

वनविषयक कोणताही आकडा, आदेश किंवा दावा वाचताना त्यात नोंद, आच्छादन, वनोपज आणि वहिवाट यांपैकी कोणते 'फॉरेस्ट' अभिप्रेत आहे हे आधी विचारणे, ही या आढाव्यातून निघणारी व्यवहार्य शिस्त आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न अर्थ कोणी ठरवायचा हा आहे. तेराशे वर्षांच्या इतिहासात तो अधिकार राजाकडे, खात्याकडे, न्यायालयाकडे आणि उपग्रहाकडे गेला. २००६च्या कायद्याने दाव्यांची पहिली छाननी ग्रामसभेकडे सोपवून प्रथमच तो त्या जमिनीवर राहणाऱ्यांकडे अंशतः वळवला. सातपुड्यातील गावांसाठी या बदलाचे मोल किती, हे ग्रामसभेने आखलेली सीमा वनखात्याच्या नकाशावर प्रत्यक्ष किती उतरते यावरच ठरेल.